तसबिरीचा घोटाळा आणि 'ब्रह्मचारी'

एकाला दुसराच समजणे आणि त्या गैरसमजातून प्रेमाचा गुंता वाढत जाणे, ही विनोदी नाट्याची फार जुनी सामग्री आहे. रोमन नाटककार प्लॉटसने जुळ्या भावांच्या सारखेपणावर प्रहसन रचले, आणि शेक्सपिअरने त्याच कल्पनेत आणखी एका जुळ्या जोडीची भर घालून घोटाळा दुप्पट केला. मराठी संगीत रंगभूमीला ही सामग्री परकी नव्हती. तिच्या पहिल्या बहरापासूनच वेषांतर, चुकलेली ओळख आणि तिच्या आड वाढणारे प्रेम यांनी प्रेक्षकांना हसविले, रिझविले आणि गाण्यासाठी जागा करून दिली. मूक चित्रपटाला वाणी लाभली तेव्हा ही सारी सामग्री रंगभूमीवरून जशीच्या तशी पडद्यावर उतरेल, अशी अपेक्षा करणे स्वाभाविक होते. गाणे होते, गाणारे नट होते, कथानके होती आणि ती कथानके मुखोद्गत असलेला प्रेक्षकवर्गही होता. तथापि तसे झाले नाही. मराठी बोलपटाला स्वतःचा असा विनोद गवसला तो 1938 साली, 'हंस पिक्चर्स'च्या 'ब्रह्मचारी' या चित्रपटात. आणि तेथे चुकीच्या ओळखीचे स्वरूपच पालटलेले दिसते. हा पालट का घडला आणि त्यात काय साधले, याचा विचार केल्यास 'ब्रह्मचारी'कडे केवळ एक खुसखुशीत करमणूक म्हणून पाहणे अपुरे ठरते.

प्रथम रंगभूमीची परंपरा लक्षात घेतली पाहिजे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र' 1882 साली रंगभूमीवर आले. त्यात अर्जुन संन्याशाचा वेष घेऊन बलरामाचा विश्वास संपादन करतो आणि सुभद्रेच्या सहवासात राहतो. वेष विरक्ताचा आणि मन अनुरक्ताचे, या विसंगतीवर नाटकातील सारा गोडवा उभा आहे. हा संन्यासी म्हणजेच अर्जुन, हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असते. सुभद्रेला ते कसे कळत नाही, असा प्रश्न मात्र तो विचारीत नाही. भगवी वस्त्रे आणि हातातील दंड एवढ्यावर ओळख लोपते, हा रंगभूमीचा संकेत असतो आणि प्रेक्षकाने त्याला संमती दिलेली असते. नाट्यगृहातील अंतर, दिव्यांचा प्रकाश आणि पदांचा स्वर ही तिन्ही या संमतीला साहाय्यभूत होतात.

खाडिलकरांच्या 'मानापमान'मध्ये (1911) हाच धागा अधिक गुंतागुंतीचा झाला. धैर्यधराच्या दारिद्र्यामुळे त्याला तुच्छ लेखणारी धनिक घराण्यातील भामिनी 'वनमाला' हे नाव धारण करून त्याच्या छावणीत वावरते. तेथे त्याचे खरे मोल तिला उमगते आणि तोही तिला न ओळखता तिच्यावर अनुरक्त होतो. येथील वेषांतर केवळ करमणुकीसाठी नाही. श्रीमंतीचा पेहराव उतरविल्यावाचून भामिनीला माणूस दिसत नाही आणि धैर्यधरालाही भामिनी दिसत नाही. ही भूमिका बालगंधर्वांनी केली, हे स्मरले म्हणजे त्या संकेताची व्याप्ती ध्यानात येते. एक पुरुष भामिनी होतो आणि ती भामिनी पुन्हा वनमाला होते. प्रेक्षकाने एकाच वेळी दोन रूपांतरांना मान्यता दिलेली असते आणि कोणत्याही क्षणी त्याचा रसभंग होत नाही.

या परंपरेतील सर्वांत सूक्ष्म रचना मात्र गोविंद बल्लाळ देवल यांची आहे. मोलिएरच्या 1660 सालच्या एका प्रहसनावरून आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराने 1761 साली 'ऑल इन द राँग' हे नाटक रचले. त्याच्या आधारे देवलांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक लिहिले. पुढे पदांची जोड मिळून तेच 1916 साली 'संशयकल्लोळ' या नावाने गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. अश्विनशेठने रेवतीला दिलेली तसबीर तिच्या हातून रस्त्यात पडते आणि कृत्तिकेला सापडते. पत्नीच्या हाती परपुरुषाची तसबीर पाहून फाल्गुनरावाचा संशय भडकतो. आपल्या नवऱ्याने एका तरुणीला सावरलेले पाहून कृत्तिकेचा संशय आधीच जागा झालेला असतो. या नाटकाचा घोटाळा वेषांतरावर उभा नाही. तसबिरीतील चेहरा खरा आहे, तो कोणाचा आहे हेही स्पष्ट आहे. चुकतो तो त्या चेहऱ्याचा अर्थ. प्रत्येक पात्राने डोळ्यांनी पाहिलेले खरे असते आणि मनाने जोडलेले खोटे असते. देवलांनी परदेशी कथानकाला मराठी घराचे रूप देताना पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे दिली, आणि संशयाचे हे वारे पंचांगातल्या ऋतूंइतकेच सर्वांना लागणारे आहे, असा मिस्कील भास निर्माण केला. चुकीची ओळख कपड्यांतून काढून माणसाच्या बुद्धीत नेऊन ठेवण्याचे श्रेय मराठीत देवलांना द्यावे लागते. 'ब्रह्मचारी'कडे जाणारी वाट येथूनच सुरू होते.

14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात 'आलम आरा' झळकला आणि पुढच्याच वर्षी 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. संगीत रंगभूमीशी त्याचे नाते किती निकटचे होते, हे एका नावावरून सांगता येते. 'मानापमान'च्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे हेच या बोलपटाचे संगीत-दिग्दर्शक होते आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांनीच केली. त्या काळी गाणे आणि छायाचित्रण एकाच वेळी होत असे. ध्वनिग्राहक यंत्राच्या आवाक्यात नटाला उभे राहावे लागे, कॅमेऱ्याच्या यंत्राचा आवाज मुद्रणात मिसळू नये म्हणून तो झाकून ठेवावा लागे, आणि त्यामुळे दृश्याची हालचाल मंदावत असे. गाणे आधी मुद्रित करून मग त्यावर चित्रण करण्याची पद्धत 1935 साली कलकत्त्याच्या 'न्यू थिएटर्स'ने हिंदी व बंगाली चित्रपटांत आणली. विनोदाला चापल्य लागते. पायाला दावे बांधलेल्या अवस्थेत तो धावू शकत नाही. सुरुवातीच्या बोलपटांनी गंभीर पौराणिक आणि संतचरित्रात्मक विषयांना जवळ केले, याला लोकरुचीइतकेच हे तांत्रिक कारणही असावे.

पण अडचण केवळ यंत्राची नव्हती. कॅमेरा नटाच्या चेहऱ्याशी जाऊन भिडतो. रंगभूमीवर पहिल्या रांगेतील रसिकालाही जे दिसत नाही ते पडद्यासमोरच्या अखेरच्या रांगेतील प्रेक्षकाला दिसते. डोळ्यांच्या कडा, ओठांची थरथर, रंगाखालची त्वचा, सारे उघडे पडते. अशा स्थितीत दाढी लावून किंवा पदर डोक्यावर घेऊन ओळख लपविण्याचा संकेत कसा टिकावा? बालगंधर्वांच्या चित्रपटांतील अनुभव या दृष्टीने फार बोलका आहे. 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'मध्ये (1935) त्यांनी एकनाथांची, म्हणजे पुरुषाची भूमिका केली. 1937 साली बाबूराव पेंटर यांच्या 'साध्वी मीराबाई'मध्ये ते स्त्रीभूमिकेत पडद्यावर आले. पण रंगभूमीवर ज्या रूपाने महाराष्ट्राला दोन तपांहून अधिक काळ वेड लावले, ते रूप पडद्यावर रुजू शकले नाही. यात कलावंताचा काही उणेपणा नव्हता. प्रेक्षकाच्या संमतीवर उभी असलेली कला अशा माध्यमात आली होती, की जे प्रेक्षकाची संमती मागतच नाही. ते त्याला थेट पाहायला लावते.

पाश्चात्त्य चित्रपटांनाही हाच प्रश्न पडला होता. त्यांनी काढलेला तोडगा तुलनेसाठी उपयुक्त आहे. 'लव्ह मी टुनाइट' (1932) या रूबेन मामुलियन यांच्या संगीतिकेत पॅरिसमधील एक शिंपी सरदार म्हणून राजवाड्यात वावरतो. त्याला चेहरा बदलावा लागत नाही; पदवी तेवढी उसनी घ्यावी लागते. 'टॉप हॅट' (1935) या फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांच्या चित्रपटात तर कोणी काही लपवीतही नाही. नायकाची रीतसर ओळख करून दिली गेली नाही एवढ्यावरूनच नायिका त्याला आपल्या मैत्रिणीचा नवरा समजते, आणि त्याच्या प्रत्येक प्रेमोद्गारावर संतापते. हा घोटाळा देवलांच्या तसबिरीच्या जातीचा आहे. चेहरा खरा, नाते चुकीचे. कॅमेऱ्यासमोर टिकतो तो असाच घोटाळा. कारण त्यात डोळ्यांना फसवावे लागत नाही, केवळ अनुमानाला फसवावे लागते.

मराठी बोलपटाने याच्याही पुढचे पाऊल टाकले. त्यासाठी योग्य माणसे कोल्हापुरात एकत्र आली होती. बाबूराव पेंढारकर, मास्टर विनायक आणि छायाचित्रकार पांडुरंग नाईक यांनी 1936 साली 'हंस पिक्चर्स' ही संस्था स्थापन केली. वि. स. खांडेकरांच्या कथेवरील 'छाया' हा तिचा पहिला चित्रपट गंभीर सामाजिक होता. 1937 पासून प्र. के. अत्रे हंसच्या कथा लिहू लागले, आणि 'धर्मवीर', 'प्रेमवीर' या चित्रपटांतून संस्थेचा कल विनोदाकडे वळला. अत्र्यांची प्रकृती या कार्याला विशेष अनुकूल होती. 'झेंडूची फुले'मधील विडंबनांत त्यांनी दुसऱ्याचा पेहराव चढवून त्या पेहरावाचीच फजिती करण्याची कला आत्मसात केली होती. 'साष्टांग नमस्कार' (1933) या नाटकात नमस्कारांच्या नादाने झपाटलेल्या गृहस्थाला त्यांनी हास्यविषय केले होते. वेडाने पछाडलेला माणूस स्वतःला जो समजतो तो तो नसतो, हे सूत्र त्यांच्या हाती आधीच आले होते. पडद्यावर त्याला पूर्ण वाव मिळाला.

'ब्रह्मचारी' 1938 साली मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. कथा, संवाद आणि गीते अत्र्यांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचे, संगीत दादा चांदेकरांचे. औदुंबर नावाचा एक साधा तरुण देशभक्त जटाशंकरांचे व्याख्यान ऐकतो आणि ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करतो. आजवर जिवापाड जपलेली सिनेमानटींची चित्रे तो फेकून देतो, आणि व्रतस्थ जीवनाचे धडे गिरविण्यासाठी एका संस्थेत दाखल होतो. मग किशोरी त्याच्या आयुष्यात येते आणि प्रतिज्ञेचा बुरूज ढासळू लागतो. औदुंबर स्वतः विनायकांनी रंगविला आणि मीनाक्षी शिरोडकर या चित्रपटातून प्रथमच पडद्यावर आल्या.

या कथानकात कोणी कोणाला दुसराच समजत नाही, असे वरवर पाहता वाटेल. किशोरीला औदुंबर पुरता ओळखू येतो. प्रेक्षकाला तर तो पहिल्या प्रसंगापासूनच कळलेला असतो. त्याला ओळखण्यात चूक करणारा एकच मनुष्य चित्रपटात आहे, आणि तो म्हणजे औदुंबर. एका व्याख्यानाच्या प्रभावाने त्याने स्वतःची ओळख बदलून घेतली आहे आणि ती बदललेली ओळख खरी आहे असे तो मनापासून मानतो. 'सौभद्र'शी याची तुलना केली म्हणजे या कल्पनेची धार लक्षात येते. अर्जुनाचा संन्यास खोटा होता आणि त्याला ते ठाऊक होते. औदुंबराचे ब्रह्मचर्य खोटे आहे आणि त्याला ते ठाऊक नाही. अर्जुन वेषाआड प्रेम लपवितो, औदुंबर प्रतिज्ञेआड ते स्वतःपासून लपवितो. छप्पन्न वर्षांच्या अंतराने मराठी विनोदाने तोच विरक्ताचा वेष पुन्हा हाती घेतला आणि तो उलटा करून नेसविला.

कॅमेऱ्याच्या जवळिकीची अडचण येथे कलावंताच्या पथ्यावर पडते. रंगभूमीवरील वेषांतराला जी निकटता मारक ठरली तीच या प्रकारच्या विनोदाला पोषक आहे. औदुंबराचे शब्द वैराग्याचे असतात आणि चेहरा दुसरेच काही सांगतो. विनोद या दोहोंमधील फटीत असतो. ती फट दिसण्यासाठी चेहरा जवळून दिसणे आवश्यक आहे. पूर्वी मुखवट्यामागे चेहरा दडत असे, आता चेहराच मुखवट्याला खोटे पाडतो. बोलपटाने निर्माण केलेली खरी नवी विनोदरीत ती हीच.

चित्रांच्या बाबतीतही असाच एक धागा आहे. देवलांच्या नाटकात एका तसबिरीने घर पेटविले. अत्र्यांच्या कथेत नायक तसबिरी घराबाहेर फेकून आपण सुटलो असे मानतो. पण ज्या प्रेक्षकाने तिकीट काढून हा प्रसंग पाहिला तो स्वतः एका हलत्या तसबिरीपुढे बसलेला होता, आणि त्या तसबिरीतील नटीही पुढच्याच काही प्रसंगांत त्याला मोहविणार होती. सिनेमाचा त्याग करणाऱ्या नायकाची कथा सिनेमानेच सांगावी, या योजनेत मिस्कीलपणा आहे. त्या काळी चित्रपटाकडे सुशिक्षित समाज कुतूहलाने आणि संकोचाने पाहत असे. त्या दुहेरी वृत्तीवरही हा एक हळुवार चिमटा आहे.

गीताचे कार्यही येथे बदलले. संगीत नाटकात पद हे बहुधा पात्राच्या मनोगताचे साधन असे. कथानक थांबे आणि गायन विस्तार पावे. 'ब्रह्मचारी'तील जे गीत सर्वाधिक गाजले ते किशोरीच्या जलक्रीडेचे. पोहण्याच्या आखूड पोषाखात मीनाक्षी शिरोडकर पाण्यात गात आहेत, हे दृश्य पाहून त्या काळी मोठी खळबळ उडाली. त्या खळबळीमुळे एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले. हे गीत कथेला थांबवीत नाही. ते कथेचाच एक डाव आहे. गाणारी मोहिनी घालू पाहते आणि ऐकणारा प्रतिज्ञा सांभाळू पाहतो. गीत संपते तेव्हा दोघांची स्थिती बदललेली असते. नदी, पाणी आणि पोहणारे शरीर यांना रंगभूमीवर स्थान नव्हते. पडद्याने ते दिले आणि त्या मोकळीकीला नाट्यदृष्ट्या काम लावले. गोकुळातील जलक्रीडेची जुनी कल्पना प्रेक्षकाच्या परिचयाची होती. तिचा आधार असल्यामुळे नव्या धीटपणाला परंपरेचे पांघरूणही मिळाले.

या विनोदाचे लक्ष्य ब्रह्मचर्य हे मूल्य आहे काय, असा आक्षेप संभवतो. त्या दशकात व्रत, व्यायाम आणि संयम यांना राष्ट्रकार्याची प्रतिष्ठा होती. अनेकांनी ती व्रते मनापासून आचरली आणि त्यांची किंमतही मोजली. त्यांची थट्टा करणे हा चित्रपटाचा हेतू असता तर तो आज कडवट वाटला असता. चित्रपटाचा रोख उसन्या निश्चयावर आहे. औदुंबराने ब्रह्मचर्य विचाराने स्वीकारले नाही. व्याख्यानाच्या टाळ्यांत ते त्याच्या अंगावर येऊन पडले. काल ज्या आवेगाने तो नटींची चित्रे जमवीत होता, त्याच आवेगाने आज तो ती फेकतो. आवेग तोच, फक्त मूर्ती बदलली. दुसऱ्याच्या वक्तृत्वातून स्वतःचे जीवन उचलू पाहणाऱ्या माणसाची ही कथा आहे, आणि सभा, घोषणा व प्रतिज्ञा यांनी भारलेल्या काळात ती सांगण्यास थोडे धैर्य लागत होते.

तथापि या यशाला एक मर्यादा आहे आणि ती नोंदविली पाहिजे. 'संशयकल्लोळ'मध्ये चूक सर्वांच्या वाट्याला समान येते. कृत्तिका फाल्गुनरावाइतकीच संशयी आहे. रेवती आणि अश्विनशेठ दोघेही गैरसमजाने दुखावतात. त्यामुळे अखेरीस उमजही सर्वांना समान मिळते. 'मानापमान'मध्ये तर भामिनीच्याच दृष्टीत पालट घडतो. 'ब्रह्मचारी'तील किशोरी कोठेच चुकत नाही. ती हुशार आहे, धीट आहे, तिच्याजवळ हसण्याची शक्ती आहे. पण तिला स्वतःविषयी काही नवे कळण्याची गरज कथेने निर्माण केलेली नाही. ती कसोटी आहे, कसोटीला लागलेली नाही. नायकाच्या अंतरंगात शिरलेला कॅमेरा नायिकेच्या बाबतीत तिच्या देहापाशी थबकतो. स्त्रीभूमिका स्त्रियांनी करण्याचा जो मोकळेपणा पडद्याने दिला, त्याच्या पहिल्या भरात भामिनीचे मन काहीसे मागे राहिले, असे म्हणणे भाग आहे.

वेषांतराचा विनोद मात्र यामुळे संपला नाही. खुद्द अत्र्यांनीच पुढे ब्रँडन थॉमस यांच्या 'चार्लीज आंट' या इंग्रजी प्रहसनावरून 'मोरूची मावशी' हे नाटक लिहिले. पुरुषाने मावशी होऊन सर्वांना चकविण्याची ही कल्पना त्यांनी रंगभूमीसाठी वापरली, हे अर्थपूर्ण आहे. नाट्यगृहातील संमती तिला हवी होती. 1988 सालच्या 'अशी ही बनवाबनवी' या चित्रपटात निवाऱ्यासाठी दोन तरुण बायकांचा वेष घेतात आणि हे सोंग पडद्यावर अतिशय यशस्वी ठरले. वरकरणी हे उदाहरण आतापर्यंतच्या विवेचनाच्या विरुद्ध जाते. परंतु त्या चित्रपटाने प्रेक्षकाला सोंग खरे मानण्याची गळ घातलेलीच नाही. घसरणारा पदर, विसरलेला आवाज, ऐन वेळी आठवलेली लाज, या साऱ्यांत कॅमेरा सोंगाचे टाके उसवून दाखवितो आणि हसू त्या उसवण्याचे आहे. म्हणजे निकटतेचा जो उपयोग 'ब्रह्मचारी'ने वैराग्याच्या सोंगासाठी केला तोच येथे पातळाच्या सोंगासाठी झाला.

मास्टर विनायक 1947 साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी निवर्तले. 'ब्रँडीची बाटली' (1939) आणि चिं. वि. जोशी यांच्या कथेवरील 'लग्न पहावं करून' (1940) या त्यांच्या पुढील चित्रपटांतही, भलत्याच कामात सापडलेला भाबडा मध्यमवर्गीय हाच विनोदाचा नायक राहिला. या सर्वांत 'ब्रह्मचारी'चे स्थान वेगळे आहे, ते त्याच्या धाडसी गीतामुळे नव्हे. सौभद्रकालापासून मराठी प्रेक्षक रंगमंचावरील पात्रांना एकमेकांची ओळख पटण्याची वाट पाहत आला होता. या चित्रपटाने त्याला प्रथमच एका माणसाला स्वतःची ओळख पटण्याची वाट पाहायला लावले. हसता हसता तो प्रेक्षक, घरी टांगलेल्या तसबिरींकडे आणि सभेत केलेल्या प्रतिज्ञांकडे थोड्या सावध नजरेने पाहू लागला असेल, तर विनोदाने त्याहून अधिक काही साधावयाचे उरत नाही.